खेळांत राजकारण नको !

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांत स्पेनमधील फुटबॉलचें वेड विलक्षण वाढलें आहे. मध्यरात्र उलटल्यावर बार्सिलोना व रेआल माद्रिद यांचा सामना पडद्यावर पाहावयाचा आणि दुसरे दिवशीं वर्गांत डुलक्या घ्यावयाच्या, हा क्रम आमच्या चांगलाच परिचयाचा आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. कारण या वयांत आम्हीही कधींमधीं तो अपराध करतों व घरांत बोलणीं खातों. आमची तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल. प्रेक्षकांपैकीं कोणी कॅटलोनियाचें निशाण फडकविलें, कीं हे रसिक नाक मुरडून म्हणतात, "खेळांत राजकारण आणूं नये." जणूं राजकारण म्हणजे कुंपणावरून आंत उडी मारणारा कोणी उडाणटप्पूच ! स्पेनमध्यें तरी तें कित्येकदां यजमानाच्या आसनावर बसलेलें होतें.

१९६० सालची गोष्ट घ्या. युरोपीय राष्ट्रांच्या पहिल्याच चषकस्पर्धेंत स्पेनची गांठ सोव्हिएट रशियाशीं पडली. डि स्टेफानोसारखा खेळाडू हाताशीं होता. परंतु जनरल फ्रँको यांच्या सरकारनें संघास मॉस्कोस जाऊं दिलें नाहीं. रशिया न खेळतांच पुढें गेला, व अखेर चषकही त्यानेंच जिंकला. चार वर्षांनीं हेच दोन संघ अंतिम सामन्यासाठीं माद्रिद येथें समोरासमोर आले. या खेपेस हुकूमशहा स्वतः प्रेक्षकांत येऊन बसले. स्पेननें २–१ असा विजय मिळविला, आणि तो राजवटीच्या खात्यांत जमा झाला. तोच प्रतिस्पर्धी, तीच सत्ता. पण १९६० त त्याच्याशीं खेळणें पाप ठरलें आणि १९६४ त पुण्य! आतां सांगा, येथें राजकारण आणलें कोणीं ? गॅलरींतल्या निशाणवाल्यानें ?

त्याच्याही मागें जावें, तर १९२५ सालीं बार्सिलोनाच्या प्रेक्षकांनीं स्पेनच्या राजगीतास शिट्ट्या वाजविल्या म्हणून प्रीमो दे रिव्हेराच्या राजवटीनें तें मैदानच बंद करविलें. १९३६ त यादवी युद्ध पेटतांच त्या क्लबचे अध्यक्ष व लोकसभेचे सभासद जुझेप सुन्योल यांना फ्रँकोपक्षीय सैनिकांनीं डोंगरांत गोळ्या घातल्या. तेव्हां ते कोणता खेळ बिघडवीत होते बरें ?

परंतु दुसरीही एक जात आहे, व तिचा आम्हांस तितकाच कंटाळा आला आहे. हिला स्पेनचा सारा इतिहास दोन सदऱ्यांत बसवितां येतो : पांढरा सदरा हुकूमशहाचा, निळा-तांबडा हुतात्म्यांचा. १९४३ चा ११–१ हा माद्रिदचा विजय या मंडळींस तोंडपाठ असतो. त्या सामन्यावर धाकदपटशाची काळी छाया आहे हें आम्हांसही मान्य आहे. पण १९३३ पासून १९५४ पर्यंत माद्रिदला राष्ट्रीय साखळीचें विजेतेपद एकदांही मिळालें नाहीं, आणि त्याच फ्रँकोशाहींत बार्सिलोनानें तें अनेकदां मिळविलें, हें मात्र त्यांच्या गांवींही नसतें. युद्धापूर्वींचे माद्रिदचे अध्यक्ष सांचेझ गेर्रा हे प्रजासत्ताकवादी. त्यांस फ्रँकोनेंच तुरुंगांत टाकलें. उलट बार्सिलोनाच्या चालकांनीं १९७१ व १९७४ सालीं त्याच फ्रँकोस मानचिन्हें अर्पण केलीं, तीं रद्द करावयास २०१९ उजाडावें लागलें. कथेस सोयीचें नाहीं म्हणून सत्य गाळणें, हेंही एक राजकारणच होय.

आमच्या मुंबईंतील धर्मवार संघांचे पंचरंगी क्रिकेट सामने १९४६ पर्यंत चालले. ते बंद करा म्हणणाऱ्यांसही हेंच वाक्य ऐकविलें जात असे. असो.

१ ऑक्टोबर २०१७ रोजीं कॅटलोनियांत स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मतदान झालें. न्यायालयानें तें अवैध ठरविलें होतें. पोलिसांनीं मतदारांवर लाठ्या चालविल्या. त्याच दिवशीं बार्सिलोनाचा लास पाल्मासशीं सामना होता. पाहुणे सदऱ्यावर मुद्दाम स्पेनचें निशाण शिवून आले. यजमानांनीं प्रेक्षकांस दारें बंद केलीं. सुमारें लाखभर माणसें बसतील अशा त्या मैदानांत बावीस खेळाडू रिकाम्या बांकांपुढें खेळले, व बार्सिलोनानें ३–० असा सामना जिंकला. निशाणें, घोषणा, शिट्ट्या यांपैकीं तेथें कांहीं नव्हतें. चेंडूला बसलेली लाथ तेवढी स्पष्ट ऐकूं येत होती. आमच्या रसिकांस हवा असलेला शुद्ध खेळ तो हाच काय ?