पाककृतीच्या रकान्यात बाई कुठे?



गेले काही महिने आमच्या गटात एका वेगळ्याच कामावरून वाद चालू आहे. सोलापूर शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बायकांकडून आम्ही पदार्थांच्या कृती लिहून घेतल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याचे शेंगोळे, माडगे, येळवसची भज्जी, आंबील. संगणकावर त्यांचा शोध घेता यावा अशी सोय एका तरुण कार्यकर्तीने केली. ती माणसांप्रमाणे एआय एजंटांनाही वापरता यावी असे ठरले. एजंट म्हणजे प्रश्न विचारला की पुढची पावले स्वतःच ठरवून माहिती शोधणारा संगणकीय मदतनीस. त्याच्यासाठी एक माहितीपत्रक लिहावे लागते. पान-दीड पानाचे काम म्हणून मी ते अंगावर घेतले, आणि तीन बैठका झाल्या तरी ते संपले नाही.

एजंटाला चूल दिसत नाही, हात दिसत नाहीत. दिसते ते फक्त पत्रक: ही सोय कशासाठी आहे, कोणते रकाने भरून विचारायचे, उत्तर कोणत्या रूपात येईल, काहीच सापडले नाही तर काय करायचे. पत्रकात जे नाही ते त्याच्या लेखी नाहीच. सरकारी अर्ज भरून देण्यात ज्यांची उमेद गेली त्यांना हे वेगळे सांगायला नको. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुख मानले. तोपर्यंत त्या रकान्यात बहुधा पुरुषच गृहीत असे, आणि टाकलेल्या बाईला एका साध्या कार्डासाठी किती खेटे घालावे लागत ते आपण पाहिले आहे.

पाककृतींसाठी इंटरनेटवर एक तयार नमुना आहे, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ साली सुरू केलेल्या स्कीमा डॉट ऑर्गचा. साहित्य, किती जणांसाठी, तयारीचा वेळ, शिजवण्याचा वेळ, आहाराचा प्रकार असे त्यात रकाने. तोच उचलावा असे प्रथम वाटले. पण भाकरीच्या तयारीला किती वेळ लिहायचा? पीठ मळायला पाच-सात मिनिटे, एवढेच? ज्वारी निवडणे, गिरणीवर रांग लावून दळून आणणे, पाणी भरून ठेवणे, हे कोणाच्या खात्यावर? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांची ८८, असे दिसले. पाककृतीच्या नमुन्यात या मिनिटांना जागाच नाही. आम्ही ‘आधीचे काम’ असा रकाना घातला. झटपट पदार्थ विचारणाऱ्याला उत्तर देताना तोही वेळ सांगावा, असे पत्रकात लिहिले.

आहाराच्या प्रकारावर खरी खडाजंगी झाली. त्या नमुन्यात शाकाहारी, हलाल, कोशर, मधुमेहींसाठी यांच्या जोडीला ‘हिंदू आहार’ असाही प्रकार आहे, आणि त्याची व्याख्या हिंदू रीतींना धरून, विशेषतः गोमांस नसलेला, अशी आहे. कोणत्या हिंदूंची रीत? शेजारच्या उस्मानाबाद, आता धाराशिव, जिल्ह्यातल्या दलित घरांतले अन्न शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात नोंदवले. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने, शर्मिला रेगे आणि सहकाऱ्यांनी, दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले होते. १९७० साली आलेली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आपल्यापैकी अनेकींच्या घरी आहे. तिचे ऋण मोठेच, पण मराठी स्वयंपाक म्हणजे तेवढाच असे मानायची सवयही आपल्याला लागली. आम्ही तो रकाना काढून टाकला. पदार्थात काय काय आहे ते स्पष्ट लिहितो. कोणी काय खावे याचा शिक्का मारत नाही.

मापांचा प्रश्न त्यामानाने सोपा. मूठ, चिमूट, ओंजळ, चिपटे ही मापे तशीच ठेवली, कारण त्यांचे ग्रॅम करणे म्हणजे अंदाजाला अचूकतेचा पोशाख चढवणे. नावांचेही तसेच. येळवस कोणी वेळ अमावस्या म्हणते, आणि सोलापुरात एकाच वाड्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू चुली पेटतात. म्हणून सगळी नावे एका नोंदीत घेतली आणि एजंटाला बजावले की सांगणारीने दिलेले नाव आधी द्यावे, भाषांतर नंतर. आणखी एक सूचना मी ठळक अक्षरांत घातली: कृती सापडली नाही तर ‘नोंद नाही’ असे सांगावे, मनाने रचू नये. ही यंत्रे रिकामी जागा फार आत्मविश्वासाने भरतात, आणि आमच्या वहीत बाळंतिणीचे खाणेही आहे.

एवढे झाल्यावर विडी कामगार असलेल्या एका मावशींना आम्ही त्यांची नोंद वाचून दाखवली. विड्या वळून भागत नाही म्हणून त्या शेंगाचटणी कुटून विकतात. नाव दिले होते, गाव दिले होते, श्रेय पूर्ण दिले होते. त्या म्हणाल्या, “नाव राहू द्या बाई, पण माप कशाला सांगता? माप सगळ्यांना कळल्यावर माझ्याकडं कोण येईल?” आम्ही गप्प झालो. कृती ‘आमच्या वहीत’ आली तेव्हा त्यांची संमती घेतली होती. पण ती वही कोण वाचणार हे तेव्हा आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. ‘बायकांचे ज्ञान उजेडात आणू’ म्हणताना त्या ज्ञानावर कोणाचे पोट आहे हे विचारायचे राहूनच गेले.

आता प्रत्येकीकडे पुन्हा जात आहोत. नाव द्यायचे का, माप द्यायचे का, काहीच द्यायचे नाही का, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो. दोघींनी नाव काढायला सांगितले, एकीने सासूबाईंचे घालायला सांगितले. मावशींच्या नोंदीत पदार्थाचे नाव आहे, माप नाही. पत्रकात लिहिले आहे, ‘ही चटणी विकत मिळते, गटाकडे विचारावे, प्रमाण अंदाजाने देऊ नये.’

गटातल्या काहीजणींना हे मुळीच पटलेले नाही. शेंगाचटणी काय एकटीची आहे का, ज्ञानाला कुंपण घालणारे आपण कोण, असे त्या विचारतात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पत्रक अजून कच्चेच आहे. तुमच्या गटांतही गाणी, ओव्या, औषधांच्या वह्या जमा झालेल्या असतील. त्या देताना तुम्ही कोणाला काय विचारलेत ते लिहून कळवा. पत्रे पुढच्या अंकात छापू.