आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ओझोन म्हटले की अतिनील किरणांपासून पृथ्वीचे रक्षण करणारे आकाशातील कवच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु हाच वायू जमिनीलगत साचला की श्वसनविकार बळावतात आणि उभी पिके खंगतात. उंचावरचा रक्षक भूतलावर भक्षक ठरतो.

हा वायू कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने व औष्णिक वीजकेंद्रे यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधन, रंग व जळता काडीकचरा यांतून उठणाऱ्या सेंद्रिय वाफा यांच्यावर प्रखर ऊन पडले म्हणजे तो हवेतच तयार होतो. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी गंगेच्या मैदानात त्याचे प्रमाण वाढते आणि मोसमी ढग आले की ते उतरते. भर शहरात वाहनांचा ताजा धूरच काही ओझोन गिळून टाकतो. तोच धूर वाऱ्याबरोबर शिवारांवर पोहोचेपर्यंत मात्र ओझोन वाढलेला असतो. धूर शहराचा, शिक्षा खेड्याला!

ही शिक्षा किती मोठी आहे? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू व २१ लाख टन तांदूळ बुडाला. एवढ्या धान्यात दारिद्र्यरेषेखालील सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांचे पोट भरले असते.

शासनाने २००९ साली ओझोनची मर्यादा ठरवली. आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. परंतु २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने उद्दिष्ट ठेवले ते धूलिकण घटवण्याचे, आणि तेही शहरवार. धूलिकणांशी लढा हवाच. पण तेवढ्याने ओझोन हटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले असतानाही अनेक शहरांत तो वाढला, कारण त्याला गिळणारा धूर ओसरला होता, सेंद्रिय वाफा मात्र पुरत्या थांबल्या नव्हत्या. दोन्ही घटकांना एकत्रित आळा घालणे, हाच यावरचा उपाय आहे.

वारा महापालिकेची हद्द जाणत नाही, राज्याची सीमाही जाणत नाही. तेव्हा नियोजन प्रदेशाचे हवे आणि मोजणी यंत्रे शिवारातही हवीत. अन्नदात्याच्या ताटातला घास आपल्या धुराने हिरावला जात असेल, तर ते ऋण फेडण्याचा आरंभ शहरानेच करायला हवा.