सातबारा नसलेल्यांच्या ताटाची तपासणी कोण करणार?

गावात जमीन आरोग्य पत्रिका वाटली की सरकारचे कर्तव्य संपले, असे मानायची पद्धत पडली आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत मातीच्या १२ बाबी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय कमी पडते ते यातून कळते. पण कॅडमियम, शिसे, क्रोमियम, आर्सेनिक या यादीत नाहीत. गाव खाणीला खेटून असो की शंभर कोस दूर, कागद एकच!

आणि ही पत्रिका मिळते कुणाला? ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला. आमच्या ज्या आयाबहिणी दुसऱ्याच्या शेतात निंदायला जातात आणि येताना बांधावरची तरोट्याची, घोळीची, चिवळीची भाजी पदरात खुडून आणतात, त्यांच्या ताटाची तपासणी कोणत्याच खात्याकडे नाही.

खाणीजवळच्या जमिनीत धातू मुळातच जास्त असतात, हे मालकांचे ठरलेले उत्तर. ते अर्धे खरेही आहे. म्हणूनच एकाच जागची मूठभर माती पुरत नाही. खाणीच्या वरच्या अंगाची आणि खालच्या अंगाची, ओढ्याकाठची, वाऱ्याच्या दिशेची आणि त्याच शेतातली खोलवरची माती घ्यावी लागते. वरच्या थरात धातू जास्त आणि खोलवर कमी, ओढ्याच्या खालच्या अंगाला जास्त आणि वरच्या अंगाला कमी असे निघाले, तर ते बाहेरून आले असा दाट संशय घेता येतो. झाडाचेही मूळ, पान, दाणा वेगवेगळे तपासावे लागतात. शिसे बहुधा मुळाशीच अडकते. पानावर सापडते ते अनेकदा उडून बसलेली धूळ असते, म्हणून तेच पान धुऊन आणि न धुता असे दोनदा तपासतात. कॅडमियम मात्र जस्ताच्या वाटेने आत शिरतो आणि दाण्यापर्यंत चढतो.

जपानमध्ये हेच झाले. कामिओका खाणीचे सांडपाणी जिंझू नदीतून तोयामाच्या भातशेतीत उतरले. हाडे ठिसूळ होऊन, साध्या खोकल्यानेही मोडू लागली. रोगी बहुतेक बाळंतपणे झालेल्या, वय उतरलेल्या शेतकरी बायका. त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगाला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हे नाव पडले. हे कर्माचे भोग आहेत, असे तिथेही म्हटले जाई. बुद्धाला मानणाऱ्या देशातही कर्मविपाकाचे भूत होतेच! गावचे डॉक्टर हागिनो आणि शेतीतज्ज्ञ योशिओका यांनी १९६१ मध्ये बोट कॅडमियमवर ठेवले. १९६८ मध्ये सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये अपिलातही गावकरी जिंकले. नुकसानभरपाईपेक्षा आम्हाला मोलाचे वाटते ते दुसरेच. आपल्या पसंतीचे तज्ज्ञ घेऊन खाणीत शिरून तपासणी करायचा हक्क त्यांनी कंपनीकडून लिहून घेतला, तोही कंपनीच्या खर्चाने. शेतातली माती बदलण्याचे काम मात्र २०१२ पर्यंत चालले.

मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले, मजुरांची घरे पाहिली. अहवालाची वाट पाहत दिल्लीत बसले नाहीत. आज खाणीच्या गावातून निवडून येणाऱ्या आमच्या किती प्रतिनिधींनी ओढ्याकाठची मूठभर माती तरी प्रयोगशाळेत पाठवली आहे?

चंद्रपूर-वणीचा कोळसा, नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज या पट्ट्यातल्या भाजीत विष आहेच, असे आम्ही म्हणत नाही. मोजा, म्हणतो. पैसा नाही हे कारण चालणार नाही. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने झाली आहेत. खाणपट्टेधारक स्वामित्वधनाच्या प्रमाणात त्यात रक्कम भरतात आणि ती खाणबाधितांसाठीच आहे. आरोग्य आणि प्रदूषण नियंत्रण ही त्याची अग्रक्रमाची कामे. या निधीतून खाणपट्ट्यातल्या पत्रिकेत जड धातूंचे रकाने वाढवा, बांधावरच्या रानभाज्यांचे नमुने घ्या, नमुने घेताना भूमिहीन वस्तीतल्या दोन बाया सोबत असू द्या आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी हा ठराव लेखी मांडावा आणि त्याची पोच घ्यावी.