सातव्या पिढीचं पासिंग

‘दुकानदार म्हणतो लॅपटॉप गेला. त्याच लॅपटॉपवरून तुम्हाला हा मेल लिहितोय,’ असं साताऱ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी या आठवड्यात कळवलं आणि माझं डोकं फिरलं. यंत्र असं: इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, आणि या सदरातली कटकट ऐकून बसवून घेतलेली एसएसडी. पेन्शनचा हिशेब, यूट्यूबवरची कीर्तनं, परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल, सगळं त्यावर विनातक्रार चालतं. विंडोज १० ची मुदत संपली म्हणून सर विंडोज ११ टाकून घ्यायला गेले. पडद्यावर ‘हा संगणक किमान अटींत बसत नाही’ अशी सूचना आली आणि गल्ल्यामागून निकाल लागला: एक्स्चेंजमध्ये तीन हजार देतो, नवा पंचेचाळीसचा घ्या.

दुकानदारावर मी फार चिडणार नाही. त्याला विकायचंच आहे. चीड आहे ती मायक्रोसॉफ्टच्या पात्र प्रोसेसरांच्या त्या यादीची, जिच्या जोरावर तो हे बोलू शकतो.

आता जरा आरटीओत चला. हो, आरटीओतच. ज्या कार्यालयाच्या नावाने बोटं मोडण्यात आपली निम्मी हयात जाते, त्याची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर मायक्रोसॉफ्टने आणली आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. ती संपली की गाडी पासिंगला न्यायची. निरीक्षक चेसिस नंबरचा ठसा ताडून बघतो, ब्रेक मारायला लावतो, दिवे, हॉर्न, टायर, पीयूसी बघतो आणि गाडी धड असेल तर पुढची पाच वर्षं मिळतात. मग पुन्हा पासिंग, पुन्हा पाच. पैसे घेतात, भरपूर घेतात. पर्यावरण कर आहेच, आणि २० वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने १०,००० रुपये केलं. पण इतकं करूनही कोणी तरी वाकून गाडी बघतं. चांगली ठेवलेली जुनी मारुती ८०० पास होऊ शकते आणि खिळखिळी झालेली तिच्यापेक्षा तरुण गाडी अडकू शकते. नियमाचा हेतूच तो आहे. प्रत्यक्षात मधे एजंट बसलेला असतो, हे मलाही ठाऊक आहे. त्याच्याकडे येतोच.

दिल्लीत याच्या उलट चालतं. तिथे डिझेल गाडीला १० वर्षं, पेट्रोलला १५. तुमची गाडी धूर सोडते की नाही, हा प्रश्नच नाही, आरसी बुकातली तारीख बघायची. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, गदारोळ झाला आणि काही दिवसांतच सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वय झालं म्हणून मालकांवर कारवाई करू नका असं बजावलं. डिसेंबरात त्या संरक्षणातून प्रदूषणाच्या बीएस-३ आणि त्याआधीच्या मानकांच्या गाड्या वगळल्या. म्हणजे वादाचा मुद्दा हळूहळू जन्मतारखेवरून इंजिनावर सरकला. उशिरा का होईना, सरकला.

विंडोज ११ चं अजून दिल्लीतच अडलंय. मायक्रोसॉफ्टचे वकील म्हणतील, आमचाही मुद्दा इंजिनाचाच आहे. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी, सिक्युअर बूट हवं, बस. ठीक. ती चिप म्हणजे बीएस-४ समजू. मग गंमत अशी, की जुलै २०१६ च्या अखेरीपासून बाजारात येणाऱ्या विंडोज १० च्या नव्या मॉडेलांत टीपीएम २.० असलीच पाहिजे, अशी सक्ती कंपन्यांवर मायक्रोसॉफ्टनेच केली होती. इंटेलची सातवी पिढी लॅपटॉपांत आली ती त्यानंतर. म्हणजे सरांच्या लॅपटॉपात ती चिप असण्याचीच शक्यता दाट. तरी गाडी फेल, कारण यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. बीएस-४ गाडी आणा म्हणालात, आणली. आता म्हणता नोंदणीचं साल चुकलं.

याच यादीत सेलेरॉन एन ४००० आहे. दोन कोअरचा, स्वस्तातल्या लॅपटॉपांत बसवला जाणारा प्रोसेसर. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण यांच्या जोडीने तो किमान अटींत अगदी बरोबर बसतो. त्यावर विंडोज ११ चालू करा, चहा टाका, पिऊन या. दुसरीकडे चार कोअरचा सातव्या पिढीचा आय-सेव्हन ७७००, त्याला कितीतरी भारी, तो मात्र बाद. खिळखिळी गाडी पास, ठणठणीत गाडी फेल, आणि निरीक्षक खुर्चीतून उठलेलासुद्धा नाही.

नियम इतका काटेकोर म्हणावा, तर त्यालाही अपवाद आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यादीची फेरतपासणी झाली आणि सातव्या पिढीतली जी मोजकी नावं आत घेतली गेली त्यांत आय-सेव्हन ७८२० एचक्यू हे एक. हा प्रोसेसर सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. सरफेस स्टुडिओ २ कोण विकत होतं? मायक्रोसॉफ्ट. घरच्या गाडीचं पासिंग घरीच झालं. यापुढे आरटीओतल्या वशिल्याबद्दल माझ्याशी कोणी बोलू नये.

त्यांची बाजूही सांगतो, नाहीतर मेलांचा पाऊस पडेल. चाचण्यांत अटींबाहेरच्या यंत्रांवर कर्नलच्या पातळीवरचे क्रॅश ५२ टक्के जास्त दिसले, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. असेल. पण ही सगळ्या अपात्र यंत्रांची एकत्र मोट आहे. त्यातली कोणती खिळखिळी आणि कोणती ठणठणीत, हे त्या आकड्यातून कळत नाही. आणि खरोखर म्हाताऱ्या यंत्रांना हात जोडावेच लागतात. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यापासून प्रोसेसरला काही ठरावीक आज्ञा कळाव्याच लागतात, त्या कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या यंत्रांना कळत नाहीत. ही अट मला मान्य आहे, कारण इथे तपासणी होते: जमतं की नाही बघा, नसेल जमत तर नाही.

तर एजंट. इथल्या एजंटाचं नाव रूफस. फुकटचं सॉफ्टवेअर, विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह बनवून देतो आणि बनवता बनवता विचारतो, टीपीएमची अट काढून टाकू का? गल्लीतला ‘फॉरमॅट मारून देतो’वाला दोनशे-पाचशे रुपयांत जे करतो ते बहुधा हेच. चालतंही. पण दरवर्षीचं मोठं अपडेट अशा यंत्राला आपोआप मिळत नाही, पुन्हा तोच खटाटोप करावा लागतो. मायक्रोसॉफ्टने स्वतःच एके काळी रजिस्ट्रीतली अशी चोरवाट आपल्या संकेतस्थळावर छापली होती आणि पुढे गुपचूप पुसून टाकली. सत्तरीतल्या माणसाला मी हा रस्ता सुचवणार नाही.

आणि विंडोज १० ची डागडुजी थांबली आहे का? नाही. कंपन्यांना पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार. यंत्रसामग्रीत बसवतात त्या आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत. पॅच लिहिले जातायत, तयार होतायत, फक्त सरांच्या घरापर्यंत आपसूक येणार नाहीत. घरगुती ग्राहकाला एक वर्षाची वाढीव मुदत दिली, ईएसयू नावाने: ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवा, मग फुकट. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज चढवल्यावर तिथे क्लाउडची अट सुटली. आपल्याकडची ग्राहक पंचायत मिक्सरच्या वॉरंटीवर उत्तम भांडते. इथे काही ऐकू आलं नाही.

नवा घ्यावा म्हणणाऱ्यांनी रॅमचे भाव बघावेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी गिळायला घेतल्यापासून ते चढतच गेले, आणि मायक्रॉनने तर ‘क्रूशिअल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. हाताशी असलेली आठ जीबी रॅम तीन हजारांच्या एक्स्चेंजमध्ये द्यायचे हे दिवस नव्हेत.

सरांना मी कळवलंय: आधी ईएसयूची नोंदणी करा, मग सावकाश विंडोजच्या जागी लिनक्स मिंट. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, वायफाय, आवाज, कॅमेरा नीट लागला तरच बसवायचं. म्हणजे पासिंग तुम्हीच करायचं, तुमच्याच टेबलावर.

यावर सरांचं उत्तर आलं आणि माझं नेहमीचं दुखणं उफाळलं. (आला हा पुन्हा फॉन्टवर, म्हणणाऱ्यांनी पान उलटावं.) म्हणाले, मिंट आवडलं हो, पण शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या फायली उघडतायत त्या सगळ्या अगम्य. उघडणारच. त्या युनिकोडपूर्व डीटीपी फॉन्टात आहेत, जो डाँगल लावल्याशिवाय चालत नाही आणि विंडोजबाहेर पाऊल टाकत नाही. माझ्याकडे आकडेवारी नाही, पण मराठी माणूस विंडोजला चिकटलाय तो विंडोजच्या प्रेमाने नव्हे, या फॉन्टांच्या पायी, असं माझं ठाम मत आहे. पतसंस्था, शाळा, छापखाने, दिवाळी अंक, सगळीकडे तोच खोडा. लिनक्सवर इन्स्क्रिप्टचा मराठी कळफलक आयता मिळतो, एमएस-सीआयटीचा कागद मात्र घरोघरी असून तो कळफलक कोणाला येत नाही.

तेव्हा घरात जुना लॅपटॉप असेल तर दोन कामं आधी करा. मराठी फायली आत्ताच युनिकोडमध्ये बदलून ठेवा, विंडोज आणि तो डाँगल चालू आहेत तोवरच हे सोपं आहे. आणि सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. ईएसयूची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते.