जमिनीची दलाली कागदावर यावी

शेंदूरजनाघाटच्या संत्रा उत्पादकाला अडत म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. जुलै २०१६ मध्ये शासनाने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय घेतला. फळासाठी नियम झाला. ज्या जमिनीत झाड उभे आहे, तिच्या दलालीसाठी मात्र नाही. २०१७ पासून रेरा कायद्याने प्रकल्पातील प्लॉट विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली. शेतजमिनीचा दलाल त्यात येत नाही, आणि दलालीचा दर तर कुणालाच बांधून दिलेला नाही.

दलाल हिंडतो, गिऱ्हाईक आणतो. त्याचा टक्का त्याला मिळालाच पाहिजे. खरे दुखणे आहे ते वरच्या पैशाचे. समजा, वावर तीन एकर. मालकाला भाव सांगितला एकरी १२ लाख, घेणाऱ्याला १३. दोन टक्क्यांनी दलाली होते ७२ हजार, अन् मधल्यामध्ये जातात ३ लाख!

तेव्हा शेतकरी बंधूंनो, इसार घेण्याआधी घेणाऱ्याशी समोरासमोर बसा. भाव आणि दलाली दोन्ही इसारपावतीत लिहा. दलाली खरेदीखत झाल्यावरच द्या. गावच्या कारभाऱ्यांनीही साक्षीची सही करण्याआधी एवढे विचारून घ्यावे.