विश्लेषण : स्मार्टफोनमधून हेडफोन जॅक का गेला? उमापूरसारख्या गावांना त्याची किंमत कशी मोजावी लागते?

शाळेत परिपाठाच्या वेळी स्पीकरवर राष्ट्रगीत आणि राज्यगीत लागते. गावात हरिनाम सप्ताह असला की कीर्तनाआधी मंडपात अभंग सुरू असतात. गेवराई तालुक्यातील उमापूर असो की मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव, हा आवाज हल्ली बहुतेक वेळा कोणाच्या तरी मोबाइलमधूनच आलेला असतो. मोबाइल आणि ॲम्प्लिफायर जोडायला दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर लागते आणि मोबाइलला ३.५ मिलिमीटरचे गोल छिद्र लागते. नवा मोबाइल घेतल्यावर अनेकांच्या लक्षात येते, की हे छिद्रच त्यात नाही. या जॅकवरून जगभरात २०१६ पासून वाद सुरू आहे. तो प्रामुख्याने महागड्या फोनच्या ग्राहकांचा वाद म्हणून मांडला गेला. प्रत्यक्षात त्याची झळ स्वस्त फोन, कमी वीज आणि कमजोर नेटवर्क असलेल्या भागाला अधिक बसते. ती कशी, हे समजून घेऊ.

हा जॅक मुळात आला कुठून?

जॅकचा जन्म मोबाइलच्या फार आधीचा आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर हाताने कॉल जोडत. त्यासाठी ६.३५ मिलिमीटरची जाड पिन वापरली जाई. गिटार आणि मोठ्या ॲम्प्लिफायरला आजही तीच पिन लागते. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात तिची ३.५ मिलिमीटरची लहान आवृत्ती आली आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने ती घरोघरी पोहोचवली.

मोबाइलसोबत येणाऱ्या पिनवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले चार भाग दिसतात. डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माइक अशी त्यांची कामे वाटलेली आहेत. या जोडणीला चार्जिंग, पासवर्ड, ॲप किंवा ‘पेअरिंग’ यातले काहीच लागत नाही. कोणत्याही कंपनीचा इअरफोन कोणत्याही कंपनीच्या फोनला बहुधा चालतो. तीस वर्षांपूर्वीचा टेपरेकॉर्डर आणि आजचा मोबाइल एका वायरने जोडता येतात ते याच कारणाने.

कंपन्यांनी जॅक काढायला सुरुवात कधी केली?

याचे खापर ॲपलवर फोडले जाते, पण ॲपल पहिली नव्हती. ओप्पोने २०१४ मध्ये आर ५ हा अतिशय पातळ फोन जॅकशिवाय आणला होता. २०१६ च्या पूर्वार्धात लेईको आणि मोटोरोलानेही तसे फोन आणले. मात्र ७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलने आयफोन ७ मधून जॅक काढला आणि वादाला तोंड फुटले. या निर्णयामागे ‘धैर्य’ असल्याचे ॲपलचे तत्कालीन विपणनप्रमुख फिल शिलर यांनी मंचावरून सांगितले. त्यावरून कंपनीची भरपूर खिल्ली उडवली गेली.

खिल्ली उडवणाऱ्यांत स्पर्धक कंपन्याही होत्या. गुगलने २०१६ च्या पिक्सेलच्या जाहिरातीत जॅक असल्याचे मिरवले आणि २०१७ च्या पिक्सेल २ मधून तोच काढून टाकला. वनप्लसने २०१८ मध्ये ६ टी या फोनपासून जॅक बंद केला. सॅमसंगनेही आधी टोमणे मारले आणि २०१९ मध्ये नोट १० मधून जॅक वगळला. सोनीने मात्र आपल्या महागड्या एक्स्पेरिया फोनमधून २०१८ मध्ये काढलेला जॅक २०२० मध्ये परत आणला.

कंपन्यांची कारणे कोणती? ती पटण्यासारखी आहेत का?

तीन कारणे प्रामुख्याने दिली गेली. पहिले कारण जागेचे. पिन फोनमध्ये साधारण १४ मिलिमीटर आत जाते. मोठी बॅटरी, कॅमेरे आणि कंपनाची मोटर यांना जागा हवी असताना एवढी जागा अडवून ठेवणे अभियंत्यांना परवडत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. पण २०१४ मध्येच विवोने एक्स ५ मॅक्स हा जेमतेम ४.७५ मिलिमीटर जाडीचा फोन जॅकसह आणला होता. जागा काढता येते. ती कशासाठी काढायची, हे कंपनी ठरवते.

दुसरे कारण पाण्याचे. छिद्र जितकी कमी, तितका फोन पाण्यापासून सुरक्षित, असे सांगितले गेले. मात्र आयफोन ७ च्या काही महिने आधी आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एस ७ मध्ये जॅक होता आणि पाण्यापासून संरक्षणाचे मानांकनही वरचे, म्हणजे आयपी ६८ होते.

तिसरे कारण, भविष्य वायरलेसचे आहे, हे. यात अंदाज कमी आणि व्यापार जास्त होता. आयफोन ७ च्या कार्यक्रमातच ॲपलने १५९ डॉलरचे एअरपॉड्स जाहीर केले. सुरुवातीला फोनच्या खोक्यात जॅकचा कन्व्हर्टर मिळायचा. २०१८ मध्ये तो बंद झाला आणि ९ डॉलर देऊन वेगळा घ्यावा लागला. २०२० मध्ये खोक्यातून चार्जर आणि इअरफोनही गेले. म्हणजे जे आधी फोनच्या किमतीत मिळत होते, ते एकेक करून ग्राहकाच्या वेगळ्या खर्चात गेले. इतर अनेक कंपन्यांनीही हाच मार्ग धरला.

मग ब्लूटूथमध्ये अडचण काय?

ब्लूटूथची सोय नाकारता येणार नाही. वायर गुंतत नाही, खिशातला फोन न काढता बोलता येते. जॅकचेही दोष आहेत. शेतातली माती आणि कापसाचे तंतू त्यात जाऊन बसतात. मग इअरफोन लावलेला नसतानाही स्क्रीनवर हेडफोनचे चिन्ह दिसत राहते आणि फोनच्या स्पीकरचा आवाज बंद पडतो. हा अनुभव गावात अनेकांना असेल.

प्रश्न खर्चाचा आणि विजेचा आहे. वायरचा साधा इअरफोन शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि त्याला बॅटरी नसते. बड्सच्या प्रत्येक कळीत एक आणि डबीत एक अशा तीन बॅटऱ्या असतात. त्या इतक्या लहान आणि चिकटवलेल्या असतात, की दोन-तीन वर्षांत क्षमता घटल्यावर बदलून मिळणे अवघड असते. अख्खी वस्तू फेकावी लागते. एक कळी हरवली तरी जोडी निकामी होते.

बीड जिल्ह्यासाठी विजेचा मुद्दा नेमका आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास इथून मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कोपीत असतो. तिथे मोबाइल चार्ज करणे हेच एक काम होऊन बसते. त्यात इअरफोनही चार्ज करायचा म्हणजे दुसरे ओझे. टाइप-सीचा वायरचा इअरफोन घेतला, तर चार्जिंगचे एकुलते छिद्र अडते. चार्जिंग लावून गावाकडे बोलायचे किंवा मुलाने ऑनलाइन तास ऐकायचा, ही दोन्ही कामे एकाच वेळी होत नाहीत.

तिसरा मुद्दा विलंबाचा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोहोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर होऊ शकतो. गाणे ऐकताना ते जाणवत नाही. पण दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सुविधेवर फोन चालवते, तेव्हा बोट ठेवल्यावर शब्द उशिरा ऐकू येणे त्रासाचे ठरते.

कन्व्हर्टर लावला तरी आवाज का येत नाही?

दुकानातून स्वस्त टाइप-सी कन्व्हर्टर आणला आणि तो चाललाच नाही, ही सर्रास तक्रार आहे. यात दरवेळी माल खराब नसतो. मोबाइलमधील गाणे शून्य आणि एक या अंकांच्या रूपात असते. इअरफोनला मात्र कमी-जास्त होणारा विद्युत संकेत लागतो. अंकांचे संकेतात रूपांतर करणारी चिप असते, तिला डॅक म्हणतात. जॅक असलेल्या फोनमध्ये हे काम आतच होते.

जॅक नसलेले काही फोन तयार संकेत टाइप-सीमधून बाहेर देतात. त्यांना साधा कन्व्हर्टर चालतो. अनेक फोन केवळ अंकच बाहेर पाठवतात. त्यांच्यासाठी कन्व्हर्टरमध्येच डॅक असावा लागतो. दोन्ही प्रकारचे कन्व्हर्टर बाहेरून सारखेच दिसतात. त्यामुळे विकत घेताना ‘यात डॅक आहे का’ हे विचारावे आणि आपल्या फोनला दुकानातच लावून पाहावे.

जॅकचा आणि एफएम रेडिओचा संबंध काय?

या वादातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. मोबाइलवर एफएम लावले की ‘हेडफोन जोडा’ अशी सूचना येते. कारण इअरफोनची वायर हीच रेडिओची अँटेना असते. एफएमची लहर साधारण १०० मेगाहर्ट्झची असते आणि तिची लांबी सुमारे तीन मीटर. ती नीट पकडायला तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर तार पुरते. इअरफोनची वायर साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त लांब असते. काही फोनमध्ये, विशेषतः साध्या बटणांच्या फोनमध्ये, आतली अँटेना असते. पण केंद्रापासून दूरच्या गावात, जिथे लहर आधीच क्षीण असते, तिथे लांब वायरचा फरक लगेच कळतो. जॅक गेला की बहुतेक फोनमधला एफएमही जातो.

करमणुकीसाठी इंटरनेट आहे, मग एफएमची गरज काय, असे कोणी विचारेल. उत्तर पुराच्या दिवसांत मिळते. गेवराई तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते. गावात पाऊस नसला तरी पैठणला जायकवाडीतून विसर्ग वाढवला की काठच्या गावांना सावध करावे लागते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीडसह मराठवाड्याने पुराचा तडाखा अनुभवला. अशा वेळी वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते आणि इंटरनेट सर्वांत आधी बंद पडते. एफएमला गावातल्या टॉवरची गरज नसते. दूरवरचे एक प्रक्षेपण केंद्र सुरू असले तरी पुरते. बीडमध्ये आकाशवाणीचे केंद्र आहे, पण ते ऐकायला हातात रेडिओ हवा. घरातला ट्रान्झिस्टर कधीच अडगळीत गेला. आता मोबाइलमधला रेडिओही चालला आहे.

सरकारने जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रात अनेक मोबाइलवर मोठ्या आवाजात आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली होती, ती वाचकांना आठवत असेल. ही व्यवस्था उपयुक्त आहे, पण तिलाही मोबाइल टॉवर सुरू असावा लागतो. म्हणून ती एफएमला जोड आहे, पर्याय नाही.

सरकारने याची दखल घेतली आहे का?

घेतली, पण अर्धवट. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना सल्लावजा सूचना दिली. एफएम असलेले मोबाइल झपाट्याने कमी होत असल्याची नोंद तिच्यात होती. ज्या फोनमध्ये ही सोय आहे तिथे ती बंद ठेवू नये आणि नसेल तिथे ती द्यावी, असे सुचवण्यात आले. आपत्तीच्या काळातला इशारा आणि गरीब, ग्रामीण श्रोत्यांना माहितीचे साधन, ही कारणे त्यामागे होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दूरसंचार नियामक ट्रायनेही मोबाइलमध्ये एफएम सुरू ठेवण्याची शिफारस केली.

पण सल्ला म्हणजे सक्ती नव्हे. शिवाय चिप सुरू ठेवली तरी अँटेनाची वायर कुठे लावायची, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत हे २०१७ मध्येच दिसले. चक्रीवादळांनंतर तिथल्या संचार आयोगाचे अध्यक्ष अजित पै यांनी ॲपलला आयफोनमधील एफएम सुरू करण्याचे आवाहन केले. आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि त्यासाठीची अँटेनाही नाही, असे उत्तर ॲपलने दिले. एकदा रचनेतून काढलेली गोष्ट नंतर आवाहन करून परत येत नाही.

पुढे काय? ग्राहकांनी काय पाहावे?

जॅक अजून पूर्ण संपलेला नाही. स्वस्त स्मार्टफोनच्या अनेक मॉडेलमध्ये आणि साध्या फोरजी फोनमध्ये तो टिकून आहे. मात्र महागड्या फोनमधून सुरू झालेली कपात दरवर्षी एकेक पायरी खाली येत आहे. ती दहा हजारांच्या आतल्या फोनपर्यंत पोहोचली, तर उमापूरच्या ग्राहकाला निवड उरणार नाही. सर्व फोनला जॅकची सक्ती करणे व्यवहार्य नसेल. पण जॅक आहे की नाही, एफएम चालते की नाही आणि खोक्यात कन्व्हर्टर दिला आहे की नाही, हे बाहेर ठळक मराठीत छापायला लावणे अवघड नाही. एफएमबाबतचा सल्ला किमान स्वस्त फोनसाठी तरी बंधनकारक करता येईल.

तोवर नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसोबत तीन गोष्टी पाहाव्यात. फोनच्या वरची आणि खालची कड बघून जॅक आहे का ते तपासावे. इअरफोन लावून एफएमवर आकाशवाणी लागते का ते दुकानातच ऐकावे. आणि जॅक नसेल, तर कन्व्हर्टर किंवा बड्सची किंमत फोनच्या किमतीत मिळवून मगच दोन मॉडेलची तुलना करावी. गोदाकाठच्या गावांत जुना ट्रान्झिस्टर असेल, तर तो सेल घालून एकदा सुरू करून पाहायला हरकत नाही. पावसाळ्यात त्याचा उपयोग होऊ शकतो.