दृश्य-कादंबरीला कादंबरी म्हणावे काय?

कादंबरी या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपण आजवर छापील पुस्तकच गृहीत धरले आहे. जपानमध्ये मात्र संगणकाच्या पडद्यावर वाचावयाची कादंबरी गेली काही दशके रूढ आहे. तिला 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हणतात. आपण तिला दृश्य-कादंबरी म्हणू. पात्रांची चित्रे, पार्श्वसंगीत आणि ओळीओळीने उलगडत जाणारा मजकूर असे तिचे रूप असते. 'हा तर खेळ, वाङ्मय नव्हे' असे म्हणून तिला अभ्यासाबाहेर ठेवणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

'उतावारेरुमोनो' ही लीफ या संस्थेची कृती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा अर्थ 'ज्याचे गीत गायले जाते तो'. पोवाड्याच्या नायकाला आपणही हेच म्हटले असते. एक जखमी माणूस अनोळखी खेड्यात शुद्धीवर येतो. त्याला पूर्वायुष्य आठवत नाही. चेहऱ्यावर मुखवटा आहे आणि तो निघत नाही. तुस्कुर नावाची वृद्ध वैद्य त्याला आसरा देते, हाकुओरो हे नावही देते. पुढे जुलमी सत्तेच्या माणसांकडून ती मारली जाते, गाव पेटून उठते आणि हा परका माणूस बंडाचा पुढारी व अखेर राजा होतो. नव्या राज्याला त्या वृद्धेचेच नाव मिळते. पात्रांच्या नावांवर व पेहरावावर उत्तर जपानमधील ऐनू लोकांच्या संस्कृतीची छाप असल्यामुळे ही अद्भुतसृष्टी युरोपीय किल्ल्यांच्या ठरीव साच्यातली वाटत नाही.

येथवर ही ओळखीची वीरकथा होय. मग ओरिकाकान नावाचा राजा सैन्यासह चालून येतो. आपल्या आप्तांचा घात करून परागंदा झालेला तो माणूस म्हणजे हाच, असा त्याचा आरोप आहे. हाकुओरो तो नाकारू शकत नाही, कारण त्याला काही आठवतच नाही. कथा बहुतांशी त्याच्याच जाणिवेतून सांगितली जात असल्याने वाचकालाही त्याच्याहून अधिक ठाऊक नसते. आणि अशा मनःस्थितीत लढाई वाचकालाच लढवावी लागते.

ही लढाई बुद्धिबळासारखी चौकटींच्या पटावर, आळीपाळीने चालते.  प्रत्येक खेळीपूर्वी हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणजेच 'घाईत झाले' ही सबब उरत नाही. आपण पूर्ण विचारांती एकेक योद्धा पुढे सरकवतो आणि समोरची माणसे पडतात. त्यांचा राजा कदाचित खरे बोलत असेल! छापील कादंबरीत नायकाच्या अपराधाची शंका आपण काठावरून न्याहाळतो. येथे त्या शंकेसह कृती करावी लागते. भयानक रसाचा स्थायिभाव भय. परंतु या कृतीतील खरे भय राक्षसांचे नसून स्वतःच्या भूतकाळाचे आहे, आणि ते पटावरच्या या संथ खेळीतूनच गडद होते.

वाचकाच्या निवडीने कथेचा शेवट बदलत नाही, मग याला खेळ तरी का म्हणावे, असा उलट आक्षेपही घेतला जातो. तो आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महाभारताचा शेवट ठाऊक असूनही आपण कर्णाच्या रथापाशी थबकतोच. उणिवा निराळ्या आहेत. उत्तरार्धात रहस्याची उकल करण्याच्या नादात स्पष्टीकरणे फार लांबतात, आणि काही स्त्रीपात्रे नायकाभोवती घोटाळण्यापुरतीच उरतात. मूळ आवृत्तीतील प्रौढांसाठीची दृश्ये २००६ च्या आवृत्तीत गाळली गेली. त्यामुळे कथेचे काही बिघडले नाही, यावरूनच त्यांची गरज किती होती ते कळते.

१८६१ च्या 'मुक्तामाले'सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांकडेही निव्वळ करमणूक म्हणून पाहिले गेले. आज मराठी कादंबरीचा इतिहास त्यांना वगळून शिकवता येत नाही. 'उतावारेरुमोनो'च्या नव्याने घडवलेल्या आवृत्तीचे इंग्रजी भाषांतर २०२० मध्ये आले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी ते वाचावे, आणि ओरिकाकानच्या प्रकरणाशी पोहोचल्यावर, आरोपाचा निकाल लागण्याआधी, आपण किती लढाया जिंकल्या हे वहीत नोंदवून ठेवावे.